नंबर लागण्याआधी आणि लागल्यानंतर

जून महिन्यातील एका दुपारी एक आजी दवाखान्यात आल्या. सोबत अकरा वर्षांचा नातू आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. नातवाचा नवोदयला नंबर लागला होता. मुलाचे आईवडील कामानिमित्त पुण्याकडे असल्यामुळे दुसऱ्या वर्गापासून त्याचा सांभाळ आजीच करीत होत्या. प्रवेशाच्या वेळी द्यावयाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना त्यांनी माझ्यापुढे ठेवला, मुलाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कागदावर दम्याचं लिहू नका जी. लिहिलं तर नंबर जाईन त्याचा."

मुलगा तीन वर्षांपासून माझ्याच उपचाराखाली होता. थंडी वाढली की त्याची छाती भरून येत असे. घरात कापूस येऊन पडला की धाप लागत असे. आदल्या हिवाळ्यात एका रात्री त्याला वाफेतून औषध द्यावे लागले होते. हे सर्व आजींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते, कारण त्या रात्री त्याला उराशी धरून त्याच बसल्या होत्या. तरीही त्या मला ते लपवायला सांगत होत्या. ही अप्रामाणिकता नव्हती, भीती होती. आणि ती निवडीची पद्धत नीट ठाऊक नसल्यामुळे आलेली होती. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत नातवंडांच्या शाळेचे कागदपत्र आजी-आजोबाच सांभाळतात. म्हणून ही पद्धत प्रथम समजून घेऊ.

निवड कशी होते?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालये उभी राहिली. ग्रामीण भागातील हुशार मुलांना, घरची परिस्थिती कशीही असो, उत्तम शिक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होता. प्रयोगादाखल देशात प्रथम जी दोन विद्यालये सुरू झाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जरला होते आणि दुसरे आपल्या शेजारच्या अमरावतीला. वर्धा जिल्ह्याचे विद्यालय सेलूकाटे येथे आहे. मुला-मुलींची ही निवासी शाळा सहावीपासून बारावीपर्यंत आहे. राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके यांचा खर्च पालकांवर पडत नाही. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतला जातो; मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ आहे. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी ही रक्कम अधिक असते.

सहावीसाठी एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग मुलांसाठीही आरक्षण आहे. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि पाचवीत शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला अर्ज करता येतो. अर्ज संगणकावरून भरावा लागतो आणि त्यास शुल्क नाही.

ग्रामीण जागेसंबंधीचा एक नियम आजी-आजोबांनी विशेष ध्यानात ठेवावा. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण झालेली असली, तरच मूल ग्रामीण उमेदवार मानले जाते. या तीन वर्षांत एखादा दिवसही ते शहरी शाळेच्या पटावर असेल, तर ते शहरी ठरते. चौथीत चार महिने आईवडिलांकडे शहरात राहून परतलेले मूल याच नियमात अडकते. म्हणून शाळा बदलण्याआधी घरातील मोठ्यांनी एकत्र बसून विचार करावा आणि त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक गुरुजींकडून वाचून घ्यावे.

परीक्षा दोन तासांची असते. एकूण ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यांपैकी ४० प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे, २० अंकगणिताचे व २० भाषेचे असतात. मराठीतून परीक्षा देता येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दिव्यांग मुलांना प्रमाणपत्र दिल्यास ४० मिनिटे अधिक मिळतात. सहावीसाठी ही परीक्षा एकदाच देता येते, आणि खरा ताण या 'एकदाच' शब्दात साठलेला आहे.

परीक्षेआधीचे पोट

सहावीची ही परीक्षा आपल्याकडे थंडीच्या सुमारास होते. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत दहा-अकरा वर्षांची पुष्कळ मुले पोटदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. दुखणे बेंबीभोवती असते, सकाळी शिकवणीच्या वेळी वाढते आणि रविवारी खेळताना आठवतही नाही. तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी "नाटकं करतो" असे म्हणू नये. मन आणि आतडी यांचा संबंध निकटचा आहे. ताणामुळे आतड्यांची हालचाल व संवेदना बदलते आणि मुलाला होणारी वेदना खरीच असते. त्याला जवळ घ्यावे, अभ्यासाचा वेळ थोडा कमी करावा आणि रोज तासभर मैदानावर सोडावे. बहुतेक मुले एवढ्याने सुधारतात.

मात्र काही लक्षणे ताणाची समजून दुर्लक्षित करू नयेत. पोटदुखीने मूल झोपेतून जागे होणे, वजन घटणे, ताप, वारंवार किंवा हिरवट उलट्या, शौचातून रक्त, अथवा पोटाच्या उजव्या बाजूला खाली एकाच जागी वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. पहाटे चारला उठवून गणिते घालणाऱ्या आजोबांचा हेतू चांगला असला, तरी अपुऱ्या झोपेनंतर वाचलेले लक्षात राहत नाही. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरीत असेल किंवा फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत असेल, तर परीक्षेच्या काही महिने आधीच त्याचे डोळे तपासून घ्यावेत. उत्तरपत्रिकेतील लहान गोल भरताना एक ओळ चुकली, तर पुढील सारीच उत्तरे चुकतात.

परीक्षा साधारण साडेअकरा ते दीड या वेळेत, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी असते. केंद्रावर त्याच्या बरेच आधी पोहोचावे लागते. म्हणून नऊच्या सुमारास नेहमीचाच नाश्ता द्यावा. पोहे, भाकरी-भाजी, उकडलेले अंडे, जे रोज पचते ते. त्या दिवशी नवे टॉनिक, बुद्धिवर्धक चूर्ण किंवा ऐकीव गोळी देऊ नये.

प्रमाणपत्र कशासाठी?

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. नवोदयची निवड परीक्षेतील गुण आणि आरक्षणाचे नियम यांवर होते. सैनिक शाळेची गोष्ट निराळी आहे. सातारा येथे १९६१ पासून आणि अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातही ती शाळा आहे. तेथे लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी हा निवडीचाच भाग असतो, कारण पुढे सैन्यदलात जाण्याची तयारी अपेक्षित असते. गावात दोन्ही परीक्षांची चर्चा एकाच ओट्यावर होते आणि एकीचा नियम दुसरीला चिकटतो. आजींचे तेच झाले होते.

निवासी शाळेला दिलेले प्रमाणपत्र ही पुढील सात वर्षे त्या मुलाला सांभाळणाऱ्या माणसांना लिहिलेली चिठ्ठी असते. मध्यरात्री धाप लागली तर तिथे आजी नसतील. तेथील परिचारिकेला आणि वसतिगृहाच्या शिक्षकांना या मुलाला दमा आहे हेच ठाऊक नसेल, तर ते त्याला सर्दी समजून पांघरूण घालतील. फिटा येणाऱ्या मुलाची गोळी चुकली, तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. अंथरुणात लघवी होणारे मूल लाजून गप्प बसेल आणि थट्टेचा विषय होईल. लपवलेल्या आजारामुळे प्रवेश वाचत नाही. उपचार मात्र उशिरा मिळतात.

मी आजींना हे सावकाश सांगितले. मग नातवाला आत बोलावले आणि तिघांच्या समक्ष प्रमाणपत्र लिहिले. 'दमा आहे, उपचाराने नियंत्रणात आहे, मुलगा निवासी शाळेत राहण्यास व खेळण्यास योग्य आहे.' सोबत वेगळ्या कागदावर मराठीत सूचना दिल्या. रोजचा पंप कोणता, धाप लागल्यावर घ्यायचा कोणता, आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास घेताना फासळ्यांमधील जागा आत ओढली जात असेल तर थांबू नये, रुग्णालयात न्यावे. स्पेसर लावून पंप कसा ओढायचा हे मुलाने स्वतः मला तीनदा करून दाखवले. घरी ते काम आजी करीत असत. आजी पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते भीतीचे नव्हते.

मुलगा सेलूकाट्याला गेला. पहिल्या हिवाळ्यात त्याला एकदा त्रास झाला. परिचारिकेने कागद पाहून औषध दिले आणि तासाभरात तो बरा झाला. आजींना हे दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवरून कळले.

नंबर न लागलेली मुले

जागा ८० आणि परीक्षेला बसणारी मुले त्यांच्या कित्येक पटींनी अधिक. म्हणजे परीक्षा देणाऱ्या बहुतेक मुलांचा नंबर लागणार नाही, हे अर्ज भरतानाच ठरलेले असते. निकालाच्या दिवशी दहा वर्षांच्या मुलाला पहिले वाक्य कोणते ऐकू येते, हे फार महत्त्वाचे आहे. "शेजाऱ्याचा लागला, तुझा नाही" हे वाक्य ते वर्षानुवर्षे विसरत नाही. "तू मनापासून अभ्यास केलास, आम्ही पाहिला" एवढेच म्हणावे आणि त्याच्या आवडीचे जेवण करावे. नववीत आणि अकरावीत रिकाम्या जागांसाठी नवोदयमध्ये पुन्हा प्रवेश होतात. दार कायमचे बंद झालेले नसते.

शिवाय दोन तासांत जे मोजता येते, तेवढेच ती परीक्षा मोजते. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. गाईचे दूध काढणारी, आजारी आजोबांना वेळेवर गोळी देणारी, धाकट्या भावाला शाळेत पोहोचवणारी मुले मी रोज पाहतो. त्या गुणांसाठी उत्तरपत्रिकेत गोल नसतो.

रिकामे झालेले घर

नातवंड वसतिगृहात गेल्यावर घर शांत होते. आजी एकटीसाठी चूल पेटवीत नाहीत, चहा-बिस्किटावर रात्र काढतात. नातवाला डबा देताना आठवणारी रक्तदाबाची गोळी आता विसरते. झोप उडते, भूक मंदावते. काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, जेवण कमी झाले किंवा वजन घटले, तर डॉक्टरांना सांगावे. गोळीची वेळ एखाद्या रोजच्या कामाशी जोडावी, जसे सकाळी दिवा लावल्यानंतर. दुपारचे जेवण शेजारणीबरोबर घ्यावे. शाळेने ठरवलेल्या भेटीच्या दिवशीच जावे. वारंवार गेल्याने मुलाचे तेथे मन रमत नाही. आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जाते, हे आधीच ठाऊक असू द्यावे, म्हणजे त्या वेळी धक्का बसत नाही.

त्या आजी आता दर महिन्याला स्वतःचा रक्तदाब तपासायला येतात. मागच्या खेपेस त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्याबी कागदावर सगळं खरं लिहिता ना जी?" मी म्हटले, "आजी, सगळं खरं लिहितो. म्हणूनच मीठ कमी करा."