बदकाचे पंजे हाताला हवेत का?

हिंगणघाटच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. दिवाळीच्या सुटीत ते सहकुटुंब मालवण-तारकर्लीला जाणार आहेत. तेथे स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंग करण्याचा बेत आहे. त्यासाठी चिरंजीवांनी बोटांमध्ये पडदे असलेले रबरी हातमोजे मागवले आहेत. वाचक विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलाला पोहणे बेताचेच येते. हे मोजे घातले तर बुडण्याची भीती राहणार नाही ना?"

उत्तर आधीच सांगतो : भीती तेवढीच राहील.

या मोज्यांमुळे पंजा रुंद होतो व हातागणिक जास्त पाणी मागे रेटले जाते, हे खरे. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते. हा जादा भार मनगट, कोपर आणि विशेषतः खांद्यावर येतो. बेंजामिन फ्रँकलिन (जन्म १७०६) यांनी लहानपणी हातांत लाकडी फळ्या धरून पोहून पाहिले होते. वेग वाढला, पण मनगटे थकली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

पावसाळ्यात डबक्यातला बेडूक पाहा. पडदे असतात मागच्या पायांना. पुढची बोटे मोकळीच. मांडीचे स्नायू मोठे व दमदार असल्याने जोर पायांनीच लावावा. म्हणून पाणबुडे पायांत फिन्स घालतात आणि हात अंगाशी स्थिर ठेवतात. हात मारले की श्वास वाढतो. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दुप्पट होतो, त्यामुळे तेवढ्याच श्वासाला टाकीतली हवा दुप्पट लागते. शिवाय मास्क सावरणे, कानाचा दडा काढण्यासाठी नाक दाबणे, सोबत्याला खूण करणे, या सर्वांना बोटे मोकळी हवीत.

मग हे मोजे निरुपयोगी का? तसेही नाही. ज्यांचे पाय अधू आहेत व ज्यांना हातांनीच पोहावे लागते, अशा पाणबुड्यांना त्यांची मदत होते. छातीभर पाण्यात उभे राहून दंडाचे व्यायाम करण्यासही ते चांगले. मात्र खांदा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

मी स्वतः लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. मला तरंगवत होता तो डबा, माझे हात नव्हेत. घाबरलेला माणूस हात जितके जोरात मारतो तितका लवकर दमतो, आणि दमला की नाकातोंडात पाणी जाते.

तेव्हा चिरंजीवांचे मोजे घरीच राहू द्या. स्नॉर्केलिंगला मापाचे लाइफ जॅकेट घाला, पट्टे नीट आवळा. स्कूबाला जाताना प्रशिक्षकाचा हात सोडू नका. सर्दीने कान दडले असतील तर त्या दिवशी पाण्याखाली जाऊच नका. आणि दिवाळीपर्यंत मुलाला रोज तासभर पोहण्याच्या तलावावर शिकायला पाठवा.