अवजड मालवाहू वाहनांच्या सुट्या भागांवर अँटी-सीझ लेपाचा वापर : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :
अवजड मालवाहू वाहनांची देखभाल हा वरवर पाहता कारागिराच्या हातोटीचा विषय वाटतो. परंतु त्यामागे पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांची निश्चित तत्त्वे कार्यरत असतात. नट-बोल्ट गंजून जाम होऊ नयेत म्हणून लावला जाणारा अँटी-सीझ लेप हे त्याचे बोलके उदाहरण होय. 'लावलेला बरा' या समजुतीने तो सरसकट लावला जातो. चाकाच्या नटांबाबत ही समजूत जीवघेणी ठरू शकते. म्हणून हा लेप कोठे लावावा, कोठे टाळावा आणि का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेपाचे स्वरूप व कार्य :
ग्रीससारख्या वाहकात तांबे, निकेल, अ‍ॅल्युमिनिअम, ग्रॅफाइट इत्यादींची सूक्ष्म भुकटी मिसळून हा लेप तयार करतात. उष्णतेने वाहक जळून गेला तरी भुकटी शिल्लक राहते व दोन धातूंना थेट भिडू देत नाही. त्यामुळे गंज धरणे आणि दाबाखाली आटे एकमेकांत रुतणे या दोन्ही क्रियांना आळा बसतो.

वापराची योग्य ठिकाणे :
एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड सतत तापतात व थंड होतात. तेथे उच्च तापमान सोसणारा निकेलयुक्त लेप उपयुक्त ठरतो. ब्रेकच्या एस-कॅम दंडावरील ज्या खाचांवर स्लॅक अ‍ॅडजस्टर बसतो, त्या गंजल्यास तो काढणे कठीण होते. तेथेही लेप इष्ट आहे. पोलादी हबच्या ज्या उंचवट्यांवर चाक टेकते, तेथे पातळ थर लावल्यास अ‍ॅल्युमिनिअमचे चाक चिकटून बसत नाही. मात्र भिन्न धातू व ओलावा एकत्र आल्यास विद्युत-रासायनिक झीज होते. म्हणून अ‍ॅल्युमिनिअमजवळ तांबेयुक्त लेप टाळावा. चाक, ड्रम व हब यांचे एकमेकांवर दाबले जाणारे सपाट पृष्ठभाग मात्र स्वच्छ व कोरडेच असले पाहिजेत.

चाकाचे नट : कळीचा प्रश्न
नट आवळताना लावलेल्या पिळापैकी, म्हणजे टॉर्कपैकी, सुमारे एक दशांश भागच स्टडमध्ये ताण निर्माण करतो. उरलेला घर्षणात खर्च होतो. चाक धरून ठेवतो तो हा ताण. घर्षण कमी झाले की त्याच टॉर्कला ताण वाढतो. टॉर्कच्या सूत्रातील घर्षणदर्शक गुणक 0.20 वरून 0.15 वर आला, तर ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. स्टड लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला, की तो पूर्ववत होत नाही. पकड सैल होते, स्टड तुटतात आणि धावत्या वाहनाचे चाक निखळू शकते.

उत्तर अमेरिकेतील ट्रकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे हबवर केंद्रित होणाऱ्या चाकांच्या 22 मि.मी. स्टडसाठी सुमारे 610 ते 680 न्यूटन-मीटर टॉर्क विहित आहे. हा आकडा आट्यांवर आणि नट व त्याच्या वॉशरच्या सांध्यात इंजिन ऑइलचे थोडे थेंब गृहीत धरतो, अँटी-सीझ नव्हे. गोलाकार बैठकीचे नट असलेल्या जुन्या पद्धतीच्या चाकांत तर आटे कोरडेच ठेवावे लागतात. म्हणजे टॉर्कचा आकडा एकटा कधीच पुरेसा नसतो. तो कोणत्या वंगणासह दिला आहे, हेही पाहावे लागते.

निष्कर्ष :
1. उष्णता व गंज यांमुळे जाम होणाऱ्या भागांवर, उत्पादकाच्या सूचनेनुसार, अँटी-सीझ वापरावा.
2. चाकाच्या स्टडच्या आट्यांवर व नटाच्या बैठकीवर उत्पादकाने स्पष्टपणे सांगितल्याखेरीज तो लावू नये. गंजलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, खराब स्टड बदलावेत.
3. चाक बसवल्यानंतर 80 ते 160 कि.मी. अंतरावर टॉर्क पुन्हा तपासावा.

सारांश, नट उद्या सहज निघेल का, यापेक्षा आज तो योग्य ताणाने बसला आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत टॉर्कचे आकडे शिकवताना त्यांमागील घर्षणाचे गृहीतकही शिकवले जाणे अगत्याचे आहे.