रिळे कशी टिकतात

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. त्यांची फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेटते आणि जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, म्हणून पाण्याखालीही विझत नाही. नंतरची ॲसिटेट फिल्म सहजी पेटत नाही, पण उष्ण, दमट हवेत कुजते. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास येतो. सुटलेले आम्ल ही कुज आणखी वाढवते, त्यामुळे असे डबे ताबडतोब वेगळे काढून थंड, कोरड्या खोलीत ठेवावे लागतात. डिजिटल प्रत झाली तरी मूळ रीळ मुळीच फेकू नये. हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देऊ शकते. प्रती वेगवेगळ्या गावी ठेवून, अधूनमधून तपासून, नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात.