दंड वेगाचा, पुरावा यंत्राचा

हडपसरमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड झाला, असे कोणी सांगितले तर ऐकणारा आधी हसतो. फातिमानगरपासून वैदूवाडी, मगरपट्टा चौक आणि गाडीतळ असा सोलापूर रस्त्याचा प्रवास ज्याने सायंकाळी सहाच्या सुमारास केला आहे, त्याला दुचाकीचा तिसरा गिअर टाकायला मिळाला तरी भाग्य वाटते. मात्र हाच रस्ता रात्री दहानंतर मोकळा होतो. मगरपट्टा आणि फुरसुंगीच्या आयटी कंपन्यांतून पाळी संपवून निघालेली मंडळी, घरोघरी खाद्यपदार्थ पोचवणारी मुले, मांजरी आणि शेवाळेवाडीकडे परतणारे कामगार दिवसभराची कोंडी त्या तासाभरात भरून काढू पाहतात. उड्डाणपुलाचा उतार तर वेगाला आयतेच निमंत्रण देतो. दंडाचा प्रश्न उभा राहतो तो अशा वेळी.

पुण्यातील दुचाकीस्वार आणि वाहतूक पोलीस यांचे नाते जुने आहे. पोलिसाला ‘मामा’ म्हणायचे आणि मामा दिसताच गल्ली बदलायची, ही शहराची रीत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा बसच्या मोकळ्या मार्गिकेचा मोह दुचाकीस्वारांना आवरला नाही. १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तर शहरात विरोधाचा मोर्चा निघाला. या साऱ्या भांडणांत वेगाच्या दंडाची जात निराळी आहे. हेल्मेट डोक्यावर आहे की नाही, हे कोणालाही दिसते. सिग्नल लाल होता की पिवळा, यावर हुज्जत घालता येते. पण तेथे निदान चार साक्षीदार असतात. गाडी ताशी ४८ किलोमीटरने चालली होती की ६२ ने, हे मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८३ हे अतिवेगाच्या शिक्षेचे कलम. दंडाचा आकडा सर्वांना पाठ असतो. याच कलमाचे तिसरे पोटकलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. केवळ एका साक्षीदाराच्या मते वेग बेकायदा होता, एवढ्यावर कोणालाही दोषी धरता येणार नाही; ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजमापावर आधारलेले असले पाहिजे, असे हे पोटकलम सांगते. चौकात अडवून ‘किती जोरात येत होतास’ एवढेच म्हणत अतिवेगाची पावती फाडली जात असेल, तर आकडा विचारण्याचा दुचाकीस्वाराला पूर्ण अधिकार आहे. अर्थात याने फार हुरळून जाऊ नये. गर्दीतून कट मारत गाडी नेणाऱ्यासाठी कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याचे कलम आहे आणि तेथे शिक्षा अधिक कडक आहे.

परवाना मागितला गेल्यास गणवेशातील पोलिसाला तो दाखवावाच लागतो. तो डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असला तरी चालतो. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार मात्र कायद्यात कोठेही लिहिलेला नाही. दुचाकीस्वारांच्या मनात राग साठतो तो बहुधा दंडापेक्षा या चावी हिसकावण्याच्या प्रकाराने.

वेग मोजणाऱ्या बंदुकीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. जुन्या रडार यंत्राचा झोत रुंद पसरतो. त्यामुळे घोळक्यातून येणाऱ्या नेमक्या कोणत्या वाहनाचा वेग टिपला गेला, असा प्रश्न उभा राहू शकतो, आणि दुचाकी तर बस-ट्रकच्या तुलनेत रडारला लहानच दिसते. लेझर यंत्राचे तसे नाही. ते अवरक्त प्रकाशाचे अनेक स्पंद एका पाठोपाठ एक सोडते. प्रत्येक स्पंद वाहनावर आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळते. १०० मीटरवरील वाहनापासून प्रकाश परत यायला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. अंतर किती झपाट्याने घटले, यावरून वेग निघतो. झोत अरुंद असल्याने एकच वाहन निवडता येते. यंत्र रस्त्याच्या बाजूला तिरके धरले असेल, तर वाचन प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडे कमी येते. म्हणजे ही चूक चालकाच्या फायद्याची. गाडीचा स्पीडोमीटर सहसा प्रत्यक्षापेक्षा थोडा अधिकच वेग दाखवतो. त्यामुळे ‘माझा काटा पन्नासवर होता आणि यंत्राने साठ दाखवले’ हा दावा सहसा टिकत नाही.

राज्यात २०१९ मध्ये ‘एक राज्य एक ई-चलन’ ही योजना आली आणि भांडणाची जागाच बदलली. मामा समोर नसतो. संदेश येतो तो मोबाइलवर, कधी घरी पोचल्यावर तर कधी कित्येक दिवसांनी. नोंदणीच्या वेळी शोरूममधील कोणाचा तरी क्रमांक दिला गेला असेल, तर तोही येत नाही. भाच्याने नेलेल्या गाडीचे चलन मामाच्या नावावर पडते. दुसऱ्याच कोणाच्या गाडीला आपला क्रमांक लावलेला असल्याचे चलनाच्या छायाचित्रावरून उघड होते. अशा वेळी हेच छायाचित्र चालकाचा आधार ठरते. म्हणून पैसे भरण्याआधी ते उघडून पाहावे. गाडीचा रंग, बनावट, ठिकाण आणि वेळ जुळते का, हे तपासायला दोन मिनिटे पुरतात. मात्र हे अधिकृत संकेतस्थळावर जाऊनच करावे. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवून बँक खाते रिकामे करणारे भामटेही याच काळात उगवले आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम दाखल झाला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, देखरेखीच्या रस्त्यावर सूचनाफलक हवा, नोटीस पंधरा दिवसांत धाडली पाहिजे, अशा अटी त्यात घालण्यात आल्या. वेगाचे मोजमाप आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा पुरावा नोटिशीसोबत असावा, असेही त्यात म्हटले होते.

चलन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही अनेकांना ठाऊक नसते. कलम २०० नुसार ती गुन्ह्याची तडजोड असते. रक्कम भरली की प्रकरण मिटते. आरोप मान्य नसेल तर न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असतो. दंडापुरतीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांत घेतली जावी, अशी मुदत फौजदारी प्रक्रियेत आहे. त्यामुळेच वर्षानुवर्षे थकलेल्या चलनांवर वकील मंडळी वाद घालतात. व्यवहारात मात्र बहुतेक जण लोकअदालतीची वाट पाहतात. पाचशे-हजारासाठी दिवसाचा रोज बुडवून न्यायालयात उभे राहणे खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या मुलाला परवडत नाही. हक्क कागदावर असूनही तो वापरला जात नाही, याचे कारण एवढे साधे आहे.

पूर्वी पहिल्या खेपेस अतिवेगाचा दंड चारशे रुपयांपर्यंतच होता. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांसाठी तो एक ते दोन हजार केला. महाराष्ट्रात नवे दर लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. पुन्हा तोच गुन्हा केल्यास परवान्यावरच गदा येते आणि पोटापाण्यासाठी दुचाकी चालवणाऱ्याला ही शिक्षा दंडाहून कितीतरी जड.

वेगमर्यादा हा सरकारी हट्ट आहे, असे मानणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीत मोटारसायकलची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर होती. स्थानिक पातळीवर ती आणखी कमी करता येते. ताशी ६० च्या वेगाने दुचाकी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर पादचारी दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तरी गाडी थांबेपर्यंत एकूण ४० मीटर जातात. वेग ताशी ४० असेल तर २२ मीटर पुरतात. रात्री गाडीतळावर बस चुकू नये म्हणून धावत रस्ता ओलांडणारा माणूस या दोन आकड्यांच्या मधल्या १८ मीटरांत कोठेतरी असतो. पण मर्यादा कोठे बदलते याचा फलक झाडाच्या फांदीआड असेल, तर हा हिशेब चालकाने कसा करायचा, हा प्रश्नही रास्तच आहे.

जुनी दुचाकी विकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. चलन येते ते नोंदणीत ज्याचे नाव असेल त्याला, चालवणारा कोणीही असो. गाडी कोण चालवत होते, हे पोलिसांनी विचारल्यास सांगणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांत हस्तांतराची माहिती आरटीओला द्यावी, असे कायदा सांगतो. विक्रीचे पैसे हातात आले की हे काम राहून जाते. मग दोन वर्षांनी सासवड रस्त्यावरच्या कोणाच्या तरी वेगाचे चलन मूळ मालकाच्या मोबाइलवर येऊन पडते.