तान्ह्या मुलाची सुंता : निर्णय कोणाचा?

मूल जन्माला आले की त्याच्या वतीने घरातील वडीलधाऱ्या माणसांना किती तरी निर्णय घ्यावे लागतात. नाव काय ठेवावयाचे, जावळ केव्हा काढावयाचे, कान केव्हा टोचावयाचे, कोणती लस कधी द्यावयाची, अशा एक ना दोन, अनेक गोष्टी त्या चिमुकल्या जिवाला न विचारताच ठरविल्या जातात. विचारणार तरी कसे? पुढे मोठेपणी नाव आवडले नाही तर ते बदलता येते, काढलेले केस पुन्हा येतात, टोचलेले कानही पुष्कळदा बुजतात. परंतु मुलाची सुंता करावयाची की नाही, हा निर्णय एकदा अमलात आला की तो मागे घेता येत नाही. म्हणूनच जगातील अनेक देशांत या प्रश्नावर वैद्य, धर्मगुरू, कायदेपंडित आणि आईबाप यांच्यामध्ये मोठा वाद चाललेला आहे. त्या वादातील दोन्ही बाजू शांतपणे समजून घेणे, हे कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला उपयोगाचे ठरेल.

कोलोनचा खटला

जर्मनीतील कोलोन शहरात २०१० च्या नोव्हेंबरमध्ये एका मुसलमान कुटुंबाने आपल्या चार वर्षांच्या मुलाची सुंता एका डॉक्टरकडून करून घेतली. दोन दिवसांनी जखमेतून रक्त वाहू लागले, म्हणून आई मुलाला घेऊन रुग्णालयात गेली. उपचारांनंतर मूल बरे झाले. परंतु प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत पोहोचले आणि डॉक्टरांवर खटला भरण्यात आला. पहिल्या न्यायालयाने डॉक्टरांना निर्दोष ठरविले. तथापि अपिलात, ७ मे २०१२ रोजी, वरच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, वैद्यकीय गरज नसताना मुलाची सुंता करणे ही शारीरिक इजा होय आणि आईबापांच्या संमतीने ती न्याय्य ठरत नाही. डॉक्टरांची मात्र याही वेळी सुटका झाली. कारण कायद्याची स्थितीच इतकी अस्पष्ट होती की, आपले कृत्य बेकायदा आहे हे त्यांना उमगणे शक्य नव्हते.

हा निकाल प्रसिद्ध होताच मोठी खळबळ उडाली. ज्यू आणि मुसलमान समाजांचे पुढारी या प्रश्नावर एकत्र आले. ज्या देशात नाझी राजवटीने लक्षावधी ज्यूंचा संहार केला, त्याच देशात ज्यू धर्माचा एक मूळ संस्कार गुन्हा ठरावा, ही कल्पना अनेकांना असह्य वाटली. दुसऱ्या बाजूने कित्येक बालरोगतज्ज्ञ आणि कायदेपंडित विचारू लागले की, शरीराच्या अखंडतेचा हक्क प्रौढाला आहे, तर तो बालकाला का नसावा?

अखेर जर्मन संसदेने १२ डिसेंबर २०१२ रोजी नवा कायदा संमत केला. त्याच्या बाजूने ४३४, विरुद्ध १०० मते पडली; ४६ सभासद तटस्थ राहिले. मुलगा स्वतः निर्णय घेण्याइतका जाणता नसेल, तर आईबापांना सुंतेस संमती देता येईल; मात्र ती वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसारच झाली पाहिजे, आणि मुलाच्या हिताला बाधा येत असेल तर ही संमती चालणार नाही, असे त्यात ठरले. पहिल्या सहा महिन्यांत धर्मसंस्थेने नेमलेल्या व्यक्तीलाही ती करता येते. परंतु त्या व्यक्तीने विशेष शिक्षण घेतलेले असावे आणि या कामात ती डॉक्टरइतकीच निष्णात असावी, अशी अट आहे. मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत थांबावे व त्याची स्वतःची संमती घ्यावी, असा दुसरा मसुदाही काही सभासदांनी मांडला होता. तो मान्य झाला नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. वैद्यकीय कारणावाचून मुलांची सुंता करण्यास बंदी असावी, अशी मागणी करणारी याचिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळून लावली.

धर्माज्ञा आणि मुलाचे हित

ज्यू धर्मात सुंता ही केवळ रूढी नव्हे. ईश्वराने अब्राहामाशी केलेल्या कराराची ती खूण आहे, आणि ती आठव्या दिवशी करावी अशी बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात आज्ञा आहे. महाराष्ट्रातील वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण ठाऊक असेल. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे आणि तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणारे बेने इस्राएल लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरून गेले होते. परंतु शनिवारचा विसावा, एक लहानशी प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. ग्रंथ आणि गुरू यांच्यापासून दूर पडलेल्या समाजाने ज्या खुणेवर आपली ओळख टिकविली, ती खूण किती खोलवर रुजलेली असेल, याची यावरून कल्पना यावी.

मुसलमान समाजात सुंतेचा आधार पैगंबरांच्या परंपरेत आहे. शाफिई पंथ तिला अनिवार्य मानतो, तर हनफी पंथ तिला सुन्नत समजतो. वयाचे बंधन सर्वत्र एकसारखे नाही. कोठे ती अर्भकावस्थेत होते, तर तुर्कस्तानात मुलगा कळता झाल्यावर नवे कपडे, मिरवणूक आणि मेजवानी यांसह ती साजरी करतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. धर्म एका बाजूला आणि मुलाचे हित दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी या वादात पुष्कळदा केली जाते. परंतु ज्यू परंपरेनेच या हिताचा विचार फार प्राचीन काळी केलेला आहे. एखाद्या आईची आधीची मुले सुंतेनंतर दगावली असतील, तर तिच्या पुढच्या मुलाची सुंता करू नये, असे तालमूद या ग्रंथात सांगितले आहे. रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक विकाराची ही अतिशय जुनी नोंद मानली जाते. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीस यांनीही, आजारी मूल पूर्ण बरे होईपर्यंत सुंता थांबवावी असा दंडक घालून दिला. मुलाचा जीव आधी आणि विधी मागाहून, हे तत्त्व धर्मग्रंथांनाही अपरिचित नाही.

वैद्यकाचे मत

ज्या समाजांत धर्माज्ञा नाही, तेथे सुंता आरोग्याच्या नावाखाली शिरली. अमेरिकेत लुईस सेयर या शल्यविशारदाने १८७० मध्ये, पायांत बळ नसलेला एक मुलगा सुंतेने बरा झाल्याचा दावा केला, आणि पुढे अनेक व्याधींवर ही शस्त्रक्रिया रामबाण म्हणून गाजली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयात जन्मलेल्या बहुसंख्य अमेरिकन मुलांची सुंता होऊ लागली. इंग्लंडमध्येही सुखवस्तू घरांत तीच प्रथा होती. परंतु १९४९ मध्ये डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहून तिचा पायाच हलविला.

शिश्नाच्या टोकावरील कातडी मागे सरकत नाही, म्हणून ती कापली पाहिजे, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. गेर्डनर यांनी मुलांची तपासणी करून दाखविले की, जन्मतः ही कातडी आतील भागाला चिकटलेलीच असते. जन्माच्या वेळी ती पूर्ण सुटी असणारी मुले शंभरांत केवळ चार. वाढीबरोबर ती आपोआप सुटत जाते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे नव्वद टक्के मुलांत ती मागे सरकू लागते, असे त्यांना आढळले. पुढे १९६८ मध्ये डेन्मार्कमधील ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची तपासणी करून, काहींच्या बाबतीत ही क्रिया सतरा वर्षांपर्यंतही चालते, असे दाखविले. याशिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये दर वर्षी सरासरी सोळा बालके या शस्त्रक्रियेमुळे दगावत असल्याचे गेर्डनर यांनी निदर्शनास आणले. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ मध्ये नुकतीच सुरू झाली होती. विनाकारण सुंतेचा खर्च त्या सेवेने उचलला नाही, आणि काही वर्षांतच ही प्रथा ओसरली.

सुंतेचे काही लाभ आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लहान मुलांतील मूत्रमार्गाचा संसर्ग तिने कमी होतो. परंतु निरोगी मुलांत मुळातच हा विकार विरळा असल्याने, एका मुलाचा संसर्ग टाळण्यासाठी शंभराहून अधिक मुलांची सुंता करावी लागते. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथे झालेल्या चाचण्यांत, सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची बाधा होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग फार फैलावलेल्या प्रदेशांसाठी तिची शिफारस केली. मात्र त्या चाचण्यांतील बहुतेकजण स्वतःच्या संमतीने आलेले प्रौढ पुरुष होते, हे विसरून चालणार नाही.

हीच माहिती समोर असताना तज्ज्ञांची मते भिन्न पडतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये सांगितले की, लाभ धोक्यांहून अधिक आहेत, तथापि सर्वच नवजात मुलांची सुंता करावी इतके ते मोठे नाहीत. निर्णय आईबापांनी घ्यावा. नेदरलँड्समधील वैद्यांच्या संस्थेने त्याआधी, २०१० मध्येच, मुलाच्या स्वतःच्या हक्काकडे बोट दाखवून ही प्रथा टाळावी असे मत दिले होते. यावरून असे दिसते की, केवळ आकडे मांडून हा वाद मिटणारा नाही.

वेदना कोणाची?

एका बाबतीत मात्र आज मतभेदास जागा उरलेली नाही. तान्ह्या बाळाला वेदना कळत नाहीत, असे मोठमोठे डॉक्टरही एके काळी मानीत, आणि नवजात बालकांवरील शस्त्रक्रिया पुष्कळदा पुरेशी भूल न देताच होत. कंवलजित आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हा समज साधार खोडून काढला. बाळाला वेदना होतात, आणि त्यांचा त्याच्या शरीरावर परिणामही होतो. दहा वर्षांनी कॅनडात असे आढळले की, भूल न देता सुंता झालेली बालके चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक रडतात. बोलता येत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही, असे म्हणणे हा त्या जिवावर अन्यायच होय.

आईबापांनी काय करावे?

ज्यांच्या घरी हा धर्मसंस्कार आहे, त्यांनी तो निष्णात हातांनी, निर्जंतुक साधनांनी आणि योग्य भूल देऊनच करवून घ्यावा. मूल अशक्त, आजारी किंवा कावीळ झालेले असेल तर थांबावे, आणि कुटुंबात कोणाला रक्त न थांबण्याचा विकार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. ज्यांच्या घरी हा संस्कार नाही, त्यांनी मुलाची कातडी मागे सरकत नाही म्हणून घाबरून जाऊ नये. ती बळाने ओढू तर मुळीच नये. त्याने जखम होऊन नसता विकार जडतो. लघवी करताना मूल कळवळत असेल, तेथे सूज येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास तिच्यावाचून दुसरा उपाय आहे का, हे अवश्य विचारावे. पुष्कळ मुलांना नुसत्या मलमानेही गुण येतो.

राहिला प्रश्न निर्णय कोणाचा हा. जर्मनीच्या संसदेने तो आईबापांच्या हाती ठेवला, पण त्याच्या भोवती मुलाच्या हिताचे कुंपण घातले. हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. काही वर्षांनी ते बदलेलही. परंतु त्यातील एक सूत्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे आहे. मूल आपले असले तरी त्याचे शरीर त्याचे स्वतःचे आहे, आणि ते मोठे होऊन स्वतः बोलू लागेपर्यंत आपण केवळ त्याचे विश्वस्त आहोत. पुढे एके दिवशी ते आपणाला विचारील, "तुम्ही असे का ठरविलेत?" त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाहून देता येईल असे उत्तर आपणापाशी असले पाहिजे.