खोक्यातली पन्नास वर्षं

तंत्रनिकेतनात किंवा सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केलेल्यांना जडवस्तू संग्रह नोंदवही ठाऊक असते. बोलीत ‘डेडस्टॉक’. मार्चअखेरीस अनुदान परत जाऊ नये म्हणून मागवलेलं उपकरण खोक्यासकट त्या वहीत चढतं, कपाटात जातं आणि कित्येक वर्षांनी निर्लेखनाच्या लिलावातून बाहेर पडतं. तिथून पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार फार लांब नाही. “साहेब, हातसुद्धा लागलेला नाही,” असं विक्रेता सांगतो, तेव्हा तो खोटंच बोलत असेल असं नाही. फक्त हाताखेरीज हवाही लागते, हे तो सांगत नाही.

त्यामुळे मी आधी विचारतो, आत रसायन काय आहे?

एव्होमीटर घ्या. ब्रिटिश पोस्ट खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी वेगवेगळी मीटरं वागवून कंटाळले आणि त्यातून १९२३ साली हे एकत्रित मीटर जन्मलं. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं म्हणजे ‘एव्हो’. आपल्याकडे तर कुठल्याही मल्टिमीटरला तेच नाव पडलं. त्याचं आठवं मॉडेल १९५१ साली आलं आणि आवृत्त्या बदलत २००८पर्यंत निघत राहिलं. त्यात ट्यूब नाहीत, फुगणारे कॅपॅसिटर नाहीत. मुख्य ऐवज म्हणजे लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि रोध. असं न वापरलेलं मीटर मिळालं तर खुशाल घ्यावं. मात्र आधी सेलचा कप्पा उघडावा. कोणी हौसेनं सेल घालून ठेवले असतील, तर पाझरलेल्या क्षारानं पट्ट्या खाल्लेल्या असतात. मग मीटर आडवं-उभं करून काटा शून्यावरून किती हलतो ते पाहावं. त्याचा १५ व्होल्टचा सेल आता सहज मिळत नाही. लोक ३ व्होल्टचे पाच बटणसेल जोडून भागवतात.

सीआरओची, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची, गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्सचे पाचशे मालिकेतले ट्यूबवाले सीआरओ म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. यंत्र खरंच कोरं आहे का, हे ओळखायच्या खुणाही देखण्या. पंखा हवा ओढतो, म्हणून जाळीवर धूळ साचते. उच्च दाबाच्या तारांवर काजळी धरते. पडद्यावर रेषेचा डाग नसावा. आणि आत चांदीमिश्रित सोल्डरचं एक छोटं रीळ असतं. भाग सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडलेले. साध्या सोल्डरनं त्यांचा चांदीचा थर सुटतो, म्हणून दुरुस्तीवाल्यासाठी कंपनीनंच ती सोय करून ठेवलेली. रीळ भरलेलं असेल तर बहुधा कोणाचं सोल्डरिंग आयर्न तिथवर पोचलेलं नाही.

पण याच कोऱ्या यंत्रात इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात. त्यांतल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर विजेच्या दाबाखालीच टिकून राहतो. वर्षानुवर्षं दाब मिळाला नाही की थर झिजतो. अशात एकदम २३० व्होल्ट दिले, की गळती वाढते, आतला द्रव तापतो, वायू होतो आणि डबा फुटतो. रोज चालणारा, चेहरा ओरखडलेला सीआरओ या बाबतीत खोक्यातल्यापेक्षा निरोगी निघू शकतो. कोरेपणाचे दुप्पट पैसे मागणाऱ्याला मी म्हणूनच ओरखडे दाखवा म्हणतो. लोकांना हे चक्रमपणाचं वाटतं.

तरी घेतलाच, तर घाई नको. रबर चिकट झालंय का, फोमचा चिखल झालाय का, हे आधी पाहायचं. कॅपॅसिटर सोडवून, मोठ्या रोधातून डीसी देत, दाब तासातासानं चढवायचा. गळती उतरली नाही तो बदलायचा. मग मुख्य पुरवठ्यात सिरीज बल्ब लावून, दाब हळूहळू चढवणाऱ्या डिमरस्टॅटवर हात ठेवून पहिलं बटण. बल्ब भपकन पेटतो आणि ट्यूबचे तंतू तापले की मंदावतो. मंदावला नाही, तर बटण बंद करून पुन्हा झाकण उघडायचं.