मचाणावरची रिकामी ओळ

वैशाखात सेलू तालुक्यातलं बोरचं जंगल उघडं पडतं. सागाची पानं गळून गेलेली, नाले कोरडे; पाणी उरतं ते बोर धरणात आणि मोजक्या पाणवठ्यांत. त्यात बुद्धपौर्णिमेचं लख्ख चांदणं. म्हणून त्या रात्री स्वयंसेवक मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्राणी टिपतात. झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातही कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेलाच, स्वयंसेवक सलग २४ तास असेच बसतात. तिथं पाण्यावर हत्तींचे कळप येतात.

सकाळ झाली की बोरमध्ये वाघ किती, असा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर मचाणावरच्या नोंदवहीत नसतं. प्रत्येक प्राणी दिवसातून एकदा, एकाच पाणवठ्यावर येतो, असं या मोजणीनं धरलेलं असतं. चितळ उन्हाळ्यात रोज पाण्यावर येतं, पण रोही पाण्याविना काही दिवस काढू शकतो. एकच वाघ रात्रीतून दोन पाणवठ्यांवर गेला, तर दोन वह्यांत दोन वाघ होतात.

वाघ मोजायची रीत आता वेगळी आहे. २००५ साली सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं उघड झालं, पावलांच्या ठशांवरून होणाऱ्या गणनेवरचा विश्वास उडाला आणि २००६पासून देशभर कॅमेरा ट्रॅप आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात.

मग मचाणावर बसायचं कशाला? माझ्या मते, मोजणीपेक्षा नोंदीसाठी. बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. जेमतेम १३८ चौरस किलोमीटर गाभा असलेल्या या जंगलात कोणतं पाणी कोणत्या वेळी कुणाच्या उपयोगी पडतं, हे कळणं मोलाचं आहे. सांबर पाण्याशी आलं, कान टवकारून थबकलं, न पिताच वळलं, तर तेही वेळेसकट लिहावं. झाडीतून सांबराचा ‘ढाँक’ असा इशारा आला, तर तो ‘ऐकलं’ या रकान्यात जावा; त्यावरून वाघ मांडू नये. आणि अकरा ते दोन काहीच आलं नाही, तर तसंच लिहावं. कंटाळून ती ओळ गाळली, तर पुढच्या वर्षी त्याच पाणवठ्याची तुलना करणाऱ्याला कळणार कसं, की प्राणी आले नव्हते की बघणारा झोपला होता?